पाहुण्याच्या वाट्याचं अंडं

१

परदेशी माणसाला आमच्या गावात नेमकं काय बघायचं असतं, हे इतकी वर्षं हा धंदा करूनही मला कळलेलं नाही. गुहा बघतात, ते ठीक. नदीच्या वळणावर उभं राहून डोंगर बघतात, तेही मी समजू शकते. पण शेजारचे लुंग खाम्सिंग, म्हणजे खाम्सिंगकाका, कोंबड्यांना कोंडा घालायला बसले, तरी तिथे तिघं-चौघं जण कौतुकानं उभे! मी कुणाला नाही म्हणत नाही. हिंडवते, मागावर बसू देते, भिक्खूंच्या पात्रात भात कसा घालायचा ते शिकवते, गादी घालून देते आणि जायच्या दिवशी घाटावर बोटीत बसवून येते. पाहुणा गेला की चादर धुवायची, गादी उन्हात टाकायची, मच्छरदाणी झटकायची. खोलीतून त्याचा वास गेला की माझ्या डोक्यातूनही तो जातो. तसं नसतं तर हा धंदा मला जमलाच नसता.

तानेल गेला त्या सकाळीही मी हेच करत होते. थंडीचे दिवस होते, नदीवरचं धुकं अजून उठलं नव्हतं. चादरी पिळून वर आले तेव्हा मॅ, म्हणजे माझी आई, चुलीपाशी बसून भात भरत होती. वाफेवर शिजलेला चिकट भात आम्ही बांबूच्या छोट्या करंड्यांत भरतो, माणसागणिक एक करंडी. घरात आम्ही दोघीच. मॅच्या पुढ्यात तीन करंड्या होत्या.

"मॅ, तो गेला. बोट कधीच वळण ओलांडून गेली."

"माहीत आहे मला."

"मग ही तिसरी कुणाची?"

"झाकण लाव आधी. गार होतो भात."

मी झाकण लावलं. म्हातारपणी हाताला लागलेली सवय लवकर सुटत नाही, एवढंच मनात आलं आणि मी गादी उचलायला गेले.

२

तानेल भातकापणीच्या सुमाराला आला होता. एस्टोनिया नावाच्या देशातला, खिडक्या-दारं बनवणारा सुतार. आईबाप नाहीत, एक बहीण तेवढी. दोन दिवस राहतो म्हणाला आणि कापणी संपून खळं झालं तरी हा इथेच. गुहा त्यानं एकदाच पाहिली. बाकीचा वेळ तो गावातच असायचा. कुणाच्या बोटीची फळी बसवून दे, देवळाच्या आवारातला बाक दुरुस्त कर, बायकांबरोबर नदीतलं खायचं शेवाळ वाळत घाल. भात कापायला आला तेव्हा अर्धा वेळ स्वतःचीच बोटं सांभाळत होता. बायका हसून हसून बांधावर बसल्या.

अंगानं ताडमाड. आमच्या घराची दारं आमच्या मापाची. स्वयंपाकघरात येताना वरच्या चौकटीवर त्याचं कपाळ आपटायचं, रोज, न चुकता. आधी तो 'ठक्', मग त्याचं ओशाळं हसू. दारं बनवणाऱ्याला दार दिसत नाही, म्हणून मी चिडवायचे. मॅ लगेच उठून त्याच्या कपाळाला मलम लावायची. मला कधी ताप आला तर गोळी घे म्हणते.

तिचं का होतं असं, ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. माझा धाकटा भाऊ, बारीक अंगाचा सोमलित, नदीपलीकडे थायलंडात कामाला गेला. मासेमारीच्या बोटीवर लागलो, एवढा एक निरोप आला. नंतर काही नाही. मेला म्हणावं तर कुणी पाहिलं नाही, आहे म्हणावं तर कुणी सांगत नाही. तेव्हापासून मॅचं जेवण तुटलं, मग झोप, मग बोलणं. ती नुसती घरात असायची. तानेल आला आणि ती पुन्हा काटे काढून मासा भरवू लागली. तो तिला मॅच म्हणायचा, मला उआय दाव, म्हणजे दावताई. मला बरं वाटायचं आणि भीतीही वाटायची. पाहुणा शेवटी जातोच.

३

जायच्या आदल्या दिवशी दुपारी त्याच्यासाठी धागे बांधायचा विधी ठेवला. आमच्याकडे माणसाचा जीव एकसंध नसतो. अंगाच्या एकेका भागाचा एकेक ख्वान, असे पुष्कळ असतात, आणि ते भारी चुकार. घाबरलं, आजारी पडलं, लांब प्रवासाला निघालं की एखादा मागे रेंगाळतो. म्हणून निघणाऱ्याला मध्ये बसवून त्याच्या ख्वानांना हाका मारायच्या आणि मनगटाला पांढरे धागे बांधून त्यांना अंगात पक्कं करायचं. पाहुण्यांना हे फार आवडतं. मी शंभर वेळा त्याचा अर्थ सांगितला असेल. स्वतः किती मानते, असं कुणी विचारलं तर विषय बदलते.

हाका मारायला लुंग खाम्सिंग होते. एरवी ट्रकची इंजिनं खोलतात, पण गावात मंत्र त्यांनाच पाठ. केळीच्या पानांचा शंकू, त्यावर झेंडू आणि टोकाला उकडलेलं अंडं. लुंगनी गळा साफ केला. "या ख्वानांनो, या. रानात राहू नका, डोहात राहू नका. ज्याचे त्याच्या अंगात या, त्याच्याबरोबर त्याच्या घरी जा."

मग एकेक जण पुढे सरकून धागा बांधू लागला. बांधण्याआधी धागा तळहातावरून फिरवायचा असतो. एकदा बाहेरच्या बाजूला, म्हणजे वाईट ते जाऊ दे. एकदा आतल्या बाजूला, म्हणजे चांगलं ते येऊ दे. पोरंसोरंही चुकत नाहीत. मॅची पाळी आली. तिनं धागा त्याच्या तळहातावरून स्वतःकडे ओढला. पुन्हा स्वतःकडे ओढला. आतल्या बाजूला, म्हणजे त्याच्याकडे, फिरवलाच नाही. मग स्वतःची मूठ मिटली आणि दुसऱ्या हातानं कशीबशी गाठ मारली.

शेवटी लुंगनी शंकूवरचं अंडं तानेलच्या हातात दिलं. हे ज्याचं त्यानंच खायचं असतं.

"दे, मी सोलून आणते," म्हणून मॅनं ते त्याच्या हातातून घेतलं आणि ती चुलीकडे गेली. सोललेलं अंडं घेऊन आली. तानेलनं ते दोन घासांत संपवलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि लुंगनी बाटली उघडली.

४

तो गेल्याला आठवडा झाला असेल. टळटळीत दुपार होती. मी घराखाली, खांबांमधल्या सावलीत मागावर बसले होते. मॅ भाजीच्या वाफ्यात होती, मला ती दिसत होती. वर घरात कुणी नव्हतं.

वरून 'ठक्' असा आवाज आला. आणि मग ते ओशाळं हसू.

माझा हात धोट्यावर तसाच राहिला. घर लाकडाचं आहे, थंडीत फळ्या आकसतात आणि वाजतात. छपरात मोठी पाल आहे, तिच्या ओरडण्याला कुणी हसणंही म्हणेल. हे सगळं मी मनाशी नीट मांडलं. मग जिना चढून वर गेले. स्वयंपाकघर रिकामं होतं. चौकटीला मी हात लावून पाहिला, का कोण जाणे. तिसरी करंडी चुलीशेजारी होती, झाकण लावलेली. बाहेर वाफ्यातून मॅ कमरेवर हात ठेवून वर बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही समाधान होतं, की मी काही न विचारता पुन्हा खाली येऊन बसले.

त्यानंतर ते रोजचंच झालं. पाय धुवायच्या रांजणातलं पाणी डुचमळायचं आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर ओल दिसायची. त्याच्या खोलीत मी दुसरे पाहुणे उतरवले, एक जर्मन जोडपं. दुसऱ्या सकाळी ती बाई मला म्हणाली, "खोली छान आहे. फक्त शेजारच्या खोलीतल्या गृहस्थांना सांगाल का, शीळ जरा हळू घाला म्हणून?"

शेजारच्या खोलीत धान्याची पोती होती. मी हो म्हटलं.

एक गोष्ट मात्र खरी. मॅ सुधारत होती. दोन वेळा पोटभर जेवायची. किती तरी वर्षांनी तिनं स्वतःसाठी नवं नेसू, म्हणजे कमरेला गुंडाळायचं वस्त्र, विणायला घेतलं, जांभळ्या काठाचं. गुणगुणायला लागली. बाजारात बायकांशी घासाघीस करून भांडली, तेव्हा मला रडू आलं. माझी आई मला परत मिळाली होती. एवढं पदरात पडत असताना घरात एखादा आवाज होत असेल तर होऊ दे, असं मी ठरवून टाकलं. डोकं लढवायचं थांबवलं की माणसाला फार स्वस्थ वाटतं.

५

मग एका दुपारी तानेलच्या नंबरवरून फोन आला. चेहरा दिसणारा फोन. मी हौसेनं उचलला तर पडद्यावर एक बाई, तिचे डोळे सुजलेले.

"तुम्ही दाव ना? मी सिग्ने, तानेलची बहीण. त्यानं तिथे काय खाल्लं? कुठे पडला होता का? खरं सांगा."

"अहो नाही. चांगला हसत गेला इथून. काय झालं?"

"तो विमानातून उतरला तेव्हापासून बोलत नाही. बसवलं तर बसतो, उठवलं तर उठतो. घास तोंडात घातला तर चावतो, नाहीतर तोंड उघडंच राहतं. मला ओळखत नाही. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही सापडत नाही. आता गिळणंही कमी झालंय. अजून थोडे दिवस असंच राहिलं तर..."

तिनं फोन त्याच्याकडे वळवला. खिडकीपाशी खुर्चीत तानेल बसला होता. खिडकीबाहेर बर्फ. गालाची हाडं वर आलेली. मनगटावर आमचे धागे तसेच होते, मळलेले. मी हाका मारल्या. तो माझ्याकडे बघतच नव्हता.

पण तो बघत होता. माझ्या खांद्यावरून मागे. त्याची बुबुळं हळूहळू डावीकडून उजवीकडे सरकली, थांबली, पुन्हा सरकली. माझ्यामागे आमचं स्वयंपाकघर होतं. कुणीतरी दारातून आत येऊन चुलीपाशी बसेपर्यंत नजरेनं सोबत करावी, तशी ती नजर होती.

मग पाठीमागे मॅचा आवाज आला, अगदी रोजचा. "जेवून घे. गार होतंय."

मॅ एकटीच बसली होती. ती माझ्याशी बोलत नव्हती.

६

मी लुंगकडे गेले. ते ट्रकखाली होते, फक्त पाय बाहेर. पायांनाच मी सगळं सांगितलं. हातोडी थांबली. ते सरपटत बाहेर आले आणि हाताचं तेल पुसत बसले.

"लुंग, हसू नका. मी स्वतःच हसले असते."

"मी कुठे हसतोय? अंडं त्यानं खाल्लं का गं? शंकूवरचं?"

"मॅनं सोलून दिलं ना. सगळ्यांदेखत."

"सोललेलं आणलं. कुठलं आणलं ते कुणी पाहिलं?"

आम्ही दोघं घरी आलो. मॅ माग सोडून उठली, लुंगला पाणी दिलं आणि त्यांच्या तोंडाकडे पाहूनच तिला कळलं. ती जाऊन चुलीशेजारची करंडी घेऊन आली आणि मांडीवर धरून बसली.

"उघड, बाई," लुंग म्हणाले.

"का उघडू? तुमच्या घरात पाच पोरं आहेत. मी बघायला येते का, कोण कुठे बसलंय ते?"

"मॅ," मी म्हटलं, "तो तिकडे मरतोय. मी पाहिला त्याला. घास गिळत नाही."

"इथे जेवतो की. रोज जेवतो."

लुंगनी पुढे होऊन झाकण काढलं. भाताच्या वाळक्या ढेकळांत सालीसकट अंडं होतं, झेंडूचा पिवळा डाग पडलेलं, धाग्यानं गुंडाळलेलं. इतके दिवस झाले होते, पण वास नव्हता. मी हात लावला. ते ऊन होतं. नुकतंच कुणाच्या तरी अंगाखालून काढल्यासारखं ऊन.

मी हात मागे घेतला. मॅला हुंदका फुटला.

"सोमलित गेला तेव्हा घाई होती. धागे बांधायचे राहिले. तसाच गेला, सुटा. त्याचे ख्वान कुठल्या पाण्यात असतील कोण जाणे. हा आला तर मला वाटलं, याचा एखादा राहू दे माझ्याकडे. सगळे नाही गं. एखादा. त्याला काय कळणार आहे, एवढा मोठा धिप्पाड माणूस."

"एकामागे सगळेच आले," लुंग हळूच म्हणाले. "बोलावणारं माणूस फारच भुकेलं असलं की असं होत असेल. मला कुणी शिकवलेलं नाही. मी तुला खोटं सांगणार नाही."

माझ्यापुढे त्या वेळी दोनच गोष्टी होत्या. तो पोरगा जगला पाहिजे, आणि माझी आई पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसता कामा नये. दोन्ही एकदम होणार नाहीत, हेही दिसत होतं. सिग्नेचे सुजलेले डोळे माझ्यासमोरून हलेनात. मी मॅचे हात धरले.

"मॅ, त्यालाही एक बहीण आहे. माझ्यासारखीच. तिला तू माझ्यासारखं करू नकोस."

तिनं हात सोडवून करंडीवर ठेवले. मग म्हणाली, "एवढ्या लांबची वाट त्याला कशी सापडेल?"

"ख्वानला वाट ठाऊक असते, बाई," लुंग म्हणाले.

"सोमलितला होती?"



७

पाण्यात पडलेल्या, घाबरलेल्या माणसाचा ख्वान त्या जागेवरून परत आणायचा तर मासे उपसायच्या दांड्याच्या जाळीनं आणतात. जाळीत त्याचा कपडा ठेवायचा, अंडं ठेवायचं, भात ठेवायचा आणि हवेतून उपसत हाका मारायच्या. तानेलचा एक सदरा मॅकडे होता, बटण लावायला ठेवून घेतलेला. अडचण एवढीच होती की ख्वान इथे आणि अंग पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला.

"फोनवरून होईल का?" मी विचारलं.

"इंजिन फोनवरून दुरुस्त करून दिलंय मी एकदा," लुंग म्हणाले. त्यांना हसायचं होतं, पण जमलं नाही.

सकाळी ऊन वर आल्यावर आम्ही बसलो. तिकडे अजून पहाटेचा अंधार होता, सिग्नेनं दिवा लावून फोन तानेलच्या मांडीशी टेकवला. काय चाललंय ते तिनं विचारलं नाही. बुडत्याला असल्या चौकशा सुचत नाहीत. मी फोन जाळीसमोर उभा केला. जाळीच्या दांड्याला लांब धागा बांधला आणि दुसरं टोक मॅच्या हातात दिलं, कारण ज्यानं ठेवून घेतलं त्यानंच सोडायचं.

"आता नीट ऐक," लुंग मॅला म्हणाले. "मी 'घरी जा' म्हटलं की धागा सोडून द्यायचा. मुठीत ठेवायचा नाही. हाक चालू असताना टोक धरून राहिलं तर ओढ आपल्यालाही लागते."

मॅनं मान डोलावली. तिनं ते नवं जांभळ्या काठाचं नेसू नेसलं होतं, केस नीट विंचरले होते. मला वाटलं, विधीसाठी.

लुंग हाका मारू लागले आणि घर शांत होत गेलं. आधी छपरातली पाल गप्प झाली, मग खालच्या कोंबड्या. जाळी हवेतून फिरत होती, रिकामी जाळी जशी फिरते तशी. मग एका फेरीत लुंगचे दंड ताठले. दांडा खाली वाकला. त्यांच्या कपाळावर घाम आला आणि आवाज चिरकला, पण हाक थांबली नाही. स्वयंपाकघराच्या चौकटीवर 'ठक्' झालं. या वेळी मागून हसू आलं नाही.

"घरी जा!" लुंग ओरडले. "सोड!"

मी फोनकडे बघत होते. तानेलनं डोळे मिटले, उघडले. त्याची छाती मोठ्यानं वरखाली झाली. त्यानं दिव्याकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं आणि लहान मुलासारखं तोंड वेडंवाकडं करून रडायला लागला. सिग्ने किंचाळली आणि फोन आडवा पडला. त्यातून दोघांचं रडणं ऐकू येत होतं. मीही रडत होते. लुंगनी जाळी खाली टाकली. अंड्याचा भयंकर घाण वास सुटला होता.

"झालं," ते म्हणाले. "झालं गं, दाव."

मी मॅकडे वळले. तिची मूठ मांडीवर होती, घट्ट मिटलेली. धागा तिनं मनगटाला दोन वेढे देऊन बांधला होता. त्याचं दुसरं टोक दांड्याशी नव्हतं. ते तुटलेलंही दिसत नव्हतं. ते कुठेच नव्हतं.

८

मॅ आता समोरच्या वाफ्याकडे तोंड करून बसते. बसवलं तर बसते, उठवलं तर उठते. आधी मी मनाला समजावलं, पोराशी ताटातूट झाली, धक्का बसला, जाईल. आरोग्य केंद्रातली नर्स येऊन पाहून गेली, वय झालं म्हणाली, पेज पाजत राहा म्हणाली. पेज ओठांच्या कडेनं खाली येते. ती दुःखी दिसत नाही, हेच मला सहन होत नाही. पूर्वी भिंतीकडे तोंड करून बसायची तेव्हा निदान तिचं दुःख तरी घरात असायचं.

लुंगनी पुन्हा विधी केला, मग आणखी एकदा. घसा बसेपर्यंत हाका मारल्या. जाळी प्रत्येक वेळी हलकीच राहिली. "इथे आसपास नाही गं ती," ते म्हणाले आणि माझी नजर चुकवत जिना उतरून गेले.

घरात आवाज एकही येत नाही. मी पाहुणे घेणं बंद केलं आहे.

९

काल तानेलचा फोन आला. गाल भरले होते, दाढी नीट केली होती. मी मॅचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. फोन एका हातात असा धरला की त्याला फक्त मीच दिसावी.

"उआय दाव! मॅ कशी आहे?"

"झोपली आहे."

"तिला सांग, मी दोन माणसांचं जेवतो. सिग्ने हसते मला. म्हणते, एकटा राहतोस आणि टेबलावर दोन ताटल्या मांडतोस." तो हसला. "आणि गंमत सांगू? या हिवाळ्यात घर गारच पडत नाही. सकाळी उठतो तर स्वयंपाकघर उबदार असतं आणि तुमच्या भाताचा वास येतो. माझ्याकडे तो तांदूळसुद्धा नाही. आठवण आली की नाकालाही भास होतात, नाही?"

"होतात," मी म्हटलं.

"थांब, तुला बर्फ दाखवतो." त्यानं फोन खिडकीकडे नेला. नेताना पडद्यावरून त्याचं स्वयंपाकघर सरकत गेलं. उंच दार, लाकडी टेबल, लोखंडी शेगडी. शेगडीपुढे जमिनीवर कुणीतरी पाठमोरं बसलं होतं, पाय एका बाजूला दुमडून. नेसूचा जांभळा काठ फरशीवर पसरलेला. शेजारी, भिंतीला टेकून, आणखी एक जण होता, बारीक अंगाचा, केस ओले. ती त्याला काहीतरी भरवत होती. मग खिडकी आली आणि पांढरं अंगण.

"दिसलं?" तानेलनं विचारलं.

"पुन्हा दाखव. आतलं दाखव. शेगडी दाखव."

त्यानं नवल करत फोन वळवला. ती तिथेच होती. दुसरा कुणी आता दिसत नव्हता, की तिच्या आड होता, मला सांगता येणार नाही. मी माझ्याजवळच्या मॅच्या मनगटाला हात घातला, तो धागा धरला आणि होता नव्हता तेवढा जीव गोळा करून हाक मारली. "मॅ! घरी चल. मॅ, मी एकटी आहे इथे."

तानेलला वाटलं, मी माझ्याजवळच्या आईला उठवते आहे.

तिनं ऐकलं. मला खात्री आहे. हातातला घास तिनं क्षणभर थांबवला. मान मात्र वळवली नाही. कामात असताना पोर मध्ये मध्ये आलं की आई करते, तसा रिकामा हात तिनं पाठीमागे करून हलवला, जा, खेळ जा, मला अजून वेळ लागेल. आणि पुन्हा पुढे वाकली.

फोनमध्ये तानेल काहीतरी विचारत होता. मी धरलेला मॅचा हात तेवढ्या वेळात आणखी गार झाला होता.